टॉर्च की बंदूक? : ‘डूम ३’विषयीच्या मतांचा इतिहास



आज मी एका कॉम्प्युटर गेमबद्दल बोलणार आहे, आणि खरं सांगायचं तर त्या गेमपेक्षा तो खेळणाऱ्यांनी केलेल्या एका तक्रारीबद्दल जास्त बोलणार आहे. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने या वयात हे कशाला करायचं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. त्याचं उत्तर साधं आहे. रसिकाचं मत कशामुळे बनतं आणि कशामुळे पालटतं, हा सौंदर्यशास्त्रातला फार जुना प्रश्न. पण कालिदासाचं नाटक पहिल्यांदा पाहून घरी जाताना लोक काय बोलले असतील, हे आपल्याला कधीच कळणार नाही. इथे मात्र प्रेक्षक हयात आहेत. वीस वर्षांपूर्वी भांडत होते, अजूनही भांडताहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला अशी सामग्री क्वचित मिळते.

गेमचं नाव ‘डूम ३’. अमेरिकेत टेक्सास राज्यात, डॅलसला लागून मेस्क्वीट नावाचं उपनगर आहे. तिथल्या इड सॉफ्टवेअर या कंपनीने तो तयार केला आणि ३ ऑगस्ट २००४ रोजी तो बाजारात आला. ज्यांनी असे गेम पाहिलेलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात पडद्यावर ‘आपण’ दिसत नाही. आपल्या डोळ्यांना जे दिसेल तेवढंच दिसतं, आणि खाली आपल्या हातातली बंदूक. साल २१४५. मंगळावर एका बलाढ्य कंपनीचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या एका प्रयोगातून सरळ नरकाचं दार उघडतं, दिवे जातात, माणसं प्रेतं होऊन चालायला लागतात. आपण तिथे नुकताच बदलून आलेला एक साधा सैनिक. गोष्ट एवढीच.

आता तक्रार. या सैनिकाकडे एक टॉर्च आहे. आपल्याकडे तिला बॅटरी म्हणतात, पण मी टॉर्चच म्हणतो, कारण पुढे खऱ्या बॅटरीचाही संबंध येणार आहे. केंद्रात बहुतेक ठिकाणी काळाकुट्ट अंधार. टॉर्च हातात घेतली की दिसतं, पण मग हातात बंदूक नसते. बंदूक घेतली की टॉर्च खाली जाते आणि पुन्हा अंधार. एक बटण दाबून अदलाबदल करायची, आणि त्या अदलाबदलीला क्षणभर वेळ लागतो. त्या क्षणात समोरून काय येईल ते येईल. म्हणजे एक तर बघा, नाही तर लढा. दोन्ही एकदम नाही.

यावर खेळणाऱ्यांची जी प्रतिक्रिया झाली ती एका वाक्यात सांगता येते. माणूस मंगळावर पोचला, नरकाचं दार उघडू शकला, आणि त्याच्याकडे टॉर्च बंदुकीला बांधायला चिकटपट्टी नाही?

हसू येतं, आणि यायलाच हवं. आक्षेप चांगला आहे. पोलीस आणि सैन्य बंदुकीवर दिवा लावतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. १९८६ च्या ‘एलियन्स’ या चित्रपटात सैनिकांच्या खांद्यांवर दिवे होते. एवढंच कशाला, १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ या गेममध्ये नायकाच्या पोशाखातच दिवा होता, हात मोकळे. म्हणजे खेळणाऱ्यांना सहा वर्षांपासून ज्या सोयीची सवय होती ती इथे काढून घेतलेली. गेम आल्यावर अवघ्या काही दिवसांत एकाने त्यात स्वतःच दुरुस्ती केली. त्या दुरुस्तीचं नावच ‘डक्ट टेप’. ती बसवली की मशिनगन आणि शॉटगन यांना टॉर्च लागलेली. हजारो लोकांनी ती घेतली असणार, कारण आजही ‘डूम ३’ म्हटलं की ते नाव निघतंच.

इथे जरा थांबू या. कारण या तक्रारीत एक गंमत आहे आणि ती आपल्या काश्मीरच्या आचार्यांनी हजार वर्षांपूर्वी ओळखलेली आहे.

अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरच्या टीकेत रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं पहिलंच विघ्न म्हणजे संभावनाविरह. म्हणजे काय, तर जे समोर चाललंय ते ‘असं घडू शकेल’ असंच मनाला वाटत नाही. मग तिथे मन रमणार कसं? यावर तो उपायही सांगतो. रोजच्या जगातली गोष्ट असेल तर ती लोकांच्या अनुभवाला धरून असू द्या. आणि लोकोत्तर गोष्ट असेल, समुद्र ओलांडण्यासारखी, तर ती रामासारख्या प्रख्यात नायकाच्या नावावर घाला. त्या नावामागे श्रद्धा आधीच रुजलेली असते, त्यामुळे शंका उठत नाही.

आता हे मंगळावर लावून बघा. खेळणाऱ्यांनी नरकाच्या दाराबद्दल तक्रार केली का? नाही. खांद्यावर क्षेपणास्त्रं घेऊन चालणाऱ्या सांगाड्यांबद्दल? नाही. कारण ‘डूम’ हे नाव त्यांच्यासाठी प्रख्यात होतं. पहिला ‘डूम’ १० डिसेंबर १९९३ ला आला होता आणि त्यात राक्षस, मंगळाचे चंद्र, नरक, सगळं होतं. लोकोत्तर भाग नावाच्या बळावर पचला. अडलं कुठे? चिकटपट्टीपाशी. कारण चिकटपट्टी घराघरात असते. लोकसामान्य वस्तूच्या बाबतीत प्रेक्षक कसलीही सवलत देत नाही. नाटकात देव उडत आले तर आपण हात जोडतो, पण चहाच्या कपातून वाफ येत नसेल तर मागच्या रांगेतला माणूससुद्धा कुजबुजतो.

म्हणजे तक्रार खरी होती. प्रश्न असा की ती कशाची होती?

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती बाजू घेणारे खेळणारेही पहिल्यापासून होते. त्यांचं म्हणणं असं की, अहो, भीती त्या निवडीतच आहे. टॉर्च आणि बंदूक एकत्र आली की हा गेम एक साधा गोळीबार होईल. इंग्लंडमध्ये एडमंड बर्कने १७५७ साली उदात्ताच्या स्वरूपावर जो ग्रंथ लिहिला त्यात त्याचा एक मुद्दा असा आहे की भयंकर गोष्ट खरोखर भयंकर वाटायला अस्पष्टता लागते. धोका किती मोठा आहे ते दिसलं, डोळ्यांना सवय झाली, की भीतीचा बराच भाग उडून जातो. अंधाराची बाजू घेणाऱ्यांनी बर्क वाचलेला असायची गरज नव्हती. त्यांना ते हाताला कळत होतं.

‘हाताला’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. नाट्यशास्त्रात भयानक रसाचे जे विभाव दिलेत ते पाहा : विकृत आवाज, भुतांचं दर्शन, घुबडं, कोल्हे, ओसाड घर, अरण्य. घुबडं, कोल्हे आणि अरण्य सोडलं तर मंगळावरच्या केंद्रात हे सगळं आहे. पाइपांतून येणारे आवाज, कुजबुज, ओसाड खोल्या. पण हे सगळं प्रेक्षकाच्या समोर असतं. तिसऱ्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाने कुठल्या हाताने काय धरायचं हा प्रश्नच उद्भवत नाही. ‘डूम ३’ ने भीतीचा एक विभाव प्रेक्षकाच्या स्वतःच्या हातात दिला, आणि माझ्या मते या गेमचं ऐतिहासिक महत्त्व तिथेच आहे, त्याच्या चित्रांमध्ये नाही.

चित्रांचं मात्र त्या वेळी भलतंच कौतुक झालं. ते रास्तही होतं आणि त्याचा या वादाशी जवळचा संबंध आहे. म्हणून तांत्रिक भाग थोडा सांगतो, कंटाळू नका.

कंपनीचे प्रमुख प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक यांनी प्रकाशाची पद्धतच बदलली होती. तोपर्यंतच्या गेममध्ये भिंतींवरच्या सावल्या आधीच ‘रंगवून’ ठेवलेल्या असत, नाटकाच्या पडद्यावर झाड रंगवतात तशा. इथे प्रत्येक दिवा त्या त्या क्षणी हिशेब करून प्रकाश टाकतो. दिवा हलला तर सावलीही हलते. लोंबकळणारा दिवा झोके घेतोय आणि सगळ्या खोलीच्या सावल्या डोलताहेत, हे २००४ साली पाहणं म्हणजे चमत्कारच होता. पण या पद्धतीला दोन मर्यादा होत्या. एक, सावलीची कड सुरीने कापल्यासारखी, आणि भिंतीवर आपटून परतलेला उजेड हिशेबात धरलेला नाही. खऱ्या खोलीत दिव्याच्या आडोशालाही थोडं दिसतं. इथे आडोसा म्हणजे शाई. दुसरी मर्यादा, हा हिशेब यंत्राला फार जड. त्यामुळे एका वेळी पडद्यावर थोडेच राक्षस परवडत. १९९३ च्या ‘डूम’मध्ये मैदानात डझनावारी राक्षस अंगावर यायचे आणि आपण पळत पळत गोळ्या झाडायचो. इथे दोन किंवा तीन, तेही अरुंद बोळात.

आता दोन-तीन राक्षसांनी माणसाला घाबरवायचं तर कसं? अचानक. मागून. भिंतीतून. आणि इथेच या गेममधली ती दुसरी युक्ती येते, जिच्याबद्दल चिकटपट्टीइतकं बोललं गेलं नाही पण जास्त बोलायला हवं होतं. भिंतीत बंद कोनाडे असतात आणि त्यांत राक्षस दडवलेला असतो. आपण एखादी वस्तू उचलली किंवा ठरावीक फरशीवर पाय पडला, की फळी सरकते आणि तो बाहेर येतो. ही युक्ती पहिल्या ‘डूम’पासूनची, वारशाने आलेली. पण तिथे उजेड होता, वेग होता, आणि एकापाठोपाठ एवढं काही चाललेलं असायचं की कोनाडा हे त्यातलं एक खरकटं. इथे कोनाडा हे मुख्य पक्वान्न झालं.

मी हा गेम पंचावन्न वर्षांचा असताना एका माजी विद्यार्थ्याकडे बसून खेळलो. पहिल्या अर्ध्या तासात तीनदा मेलो आणि एकदा खुर्चीसकट मागे सरकलो. त्या विद्यार्थ्याला अजून ते आठवतं आणि तो कुणालाही सांगतो. पण तिसऱ्या दिवशी मी काय करत होतो, ते सांगतो. खोलीत मधोमध चिलखताचा तुकडा पडलेला दिसला की मी आधी पाठ भिंतीला लावायचो, बंदूक तयार ठेवायचो, मग तो उचलायचो. फळी सरकायची, मी गोळी झाडायचो. भीती संपली होती आणि हिशेब सुरू झाला होता.

आता चिकटपट्टीच्या तक्रारीकडे पुन्हा या आणि या कोनाड्यांच्या उजेडात ती वाचा. टॉर्च की बंदूक ही निवड भीतिदायक केव्हा असते? माझ्या निवडीवर काही अवलंबून असतं तेव्हा. समोर लांब अंधारी खोली आहे, टॉर्चने चाचपून पाहिलं तर राक्षस आधी दिसेल, पण मग हात रिकामा; बंदूक घेतली तर तो दिसणारच नाही. इथे मी काहीतरी पणाला लावतोय. पण राक्षस जर माझ्या पाठीमागच्या भिंतीतून, मी वस्तू उचलली म्हणूनच येणार असेल, तर टॉर्चने काय शोधायचं? तो उचलण्याआधी तिथे दिसतच नव्हता. अशा वेळी हातात टॉर्च असणं ही निवड राहत नाही, शिक्षा होते. आणि विनाकारण शिक्षा झालेला माणूस काय म्हणतो? नियम मूर्खपणाचा आहे म्हणतो. त्याला नियमात दोष सापडतो, चिकटपट्टी आठवते.

माझं प्रतिपादन असं आहे की टॉर्चचा नियम चांगला होता आणि कोनाड्यांनी त्याचा घात केला. खेळणाऱ्यांना झालेला त्रास अगदी खरा होता; त्यांनी बोट मात्र शेजारच्या गोष्टीवर ठेवलं. हे रसिकांच्या मतांबाबत फार वेळा होतं. डॉक्टरकडे गेलेला माणूस पाय दुखतो म्हणतो आणि दुखणं कमरेत निघतं. त्याचं दुखणं खोटं नसतं.

हे मी हवेत बोलत नाही. याला गेममध्येच पुरावे आहेत, आणि मला ते फार मोलाचे वाटतात.

पहिला पुरावा. सुरुवातीच्या भागात, अल्फा लॅब्स नावाच्या विभागात, एक घाबरलेला शास्त्रज्ञ भेटतो. त्याच्या हातात कंदील आहे. तो पुढे चालतो, आपण बंदूक घेऊन त्याच्या मागे. म्हणजे इथे उजेड आणि हत्यार एकदम उपलब्ध. चिकटपट्टीवाल्यांची मागणी पूर्ण झालेली. मग भीती कमी होते का? उलट. कारण तो कंदील एका माणसाच्या हातात आहे आणि तो माणूस मेला की कंदील गेला. आपण स्वतःपेक्षा त्याला जपायला लागतो. हा प्रसंग खेळणाऱ्यांच्या लक्षात राहिलेला आहे, आणि त्यात अंधार मोठा आहे की कोनाडा, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

दुसरा पुरावा नरकाचा. मधे एका टप्प्यावर आपण खरोखरच नरकात जाऊन पडतो. तिथे आधीची हत्यारं जातात आणि टॉर्चही जाते. पण नरक अंधारा नाहीच. आगीने उजळलेला आहे. टॉर्च नाही म्हणून टॉर्चचा वाद नाही. आणि ज्यांना बाकी गेम रटाळ वाटला असेही कित्येक लोक हा नरकाचा भाग सर्वांत चांगला म्हणतात! मंगळावरच्या त्याच त्या राखाडी बोळांतून सुटका झाली, हे त्याचं एक कारण असणारच. पण नरकात आपल्याला काय येणार ते बऱ्याचदा समोरून दिसतं, हेही कारण आहे.

तिसरा. एप्रिल २००५ मध्ये हा गेम एक्सबॉक्स या यंत्रासाठी आला, तेव्हा दोघांनी मिळून खेळायची सोय त्यात दिली. दोघे असले की काय होणार ते सांगायला नको. एकाने टॉर्च धरायची, दुसऱ्याने बंदूक. गावाकडे रात्री विहिरीवरची मोटर बघायला दोघं जातात तसं. भीती निम्मी होते आणि गप्पा दुप्पट.

(मागून एका श्रोत्याचा प्रश्न : पण सर, मुळात घाबरायला पैसे का द्यायचे?)

चांगला प्रश्न आहे, आणि जुना आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ केंडल वॉल्टन यांनी १९७८ साली एका लेखात चार्ल्स नावाच्या एका काल्पनिक प्रेक्षकाचं उदाहरण घेतलं होतं. तो चित्रपटात हिरवा लिबलिबीत राक्षस अंगावर येताना पाहून खुर्ची घट्ट धरतो. वॉल्टन विचारतात, तो खरंच घाबरला असेल तर उठून पळत का नाही? त्यांचं उत्तर असं की ही खरी भीती नव्हे, भीतीसारखी काहीतरी आहे. चार्ल्स त्या चित्रपटाशी एक प्रकारचा लुटुपुटीचा खेळ खेळतोय. आता ‘डूम ३’ खेळणारा चार्ल्स बघा. हा पळतो! बटण दाबून खरोखर मागे पळतो, दार लावून घेतो. म्हणजे पळण्यामुळे भीती खरी ठरत असेल तर इथे ती खरी ठरावी. मला वाटतं, वॉल्टनची ‘लुटुपुटीचा खेळ’ ही कल्पना चित्रपटापेक्षा इथे जास्त अक्षरशः लागू पडते. आणि लुटुपुटीच्या खेळात मुलं पैशांचा नाही, नियमांचा हट्ट धरतात. लहान मुलांचा पकडापकडीचा खेळ बघा. राज्य कुणावर, हद्द कुठली, यावरच सगळी रडारड असते. टॉर्चवरची रडारड तीच आहे.

असो. इतिहासाकडे येऊ.

त्याच वर्षीचे दुसरे गेम शेजारी ठेवल्याशिवाय ही मतं नीट वाचता येत नाहीत. मार्च २००४ मध्ये जर्मनीतल्या क्रायटेकचा ‘फार क्राय’ आला होता : निळा समुद्र, बेटं, मैलभर उघडं रान. १६ नोव्हेंबरला ‘हाफ-लाइफ २’ आला, त्यात वस्तू उचलता-फेकता येत होत्या आणि पोशाखातली टॉर्च परत होती. फक्त, ती टॉर्च आणि जोरात पळणं एकाच साठ्यावर चालायचं. म्हणजे बघा, तिथेही निवड होती, उजेड की पळ? पण ती इतकी मऊ होती की कुणी चिकटपट्टी मागितली नाही. या दोघांच्या मधे बसलेला ‘डूम ३’ हा बंद बोळांचा गेम. ऑगस्टमध्ये ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं त्यातल्या काहींना डिसेंबरपर्यंत तो जुना वाटायला लागला. गेम तोच होता, शेजार बदलला.

आणि यंत्रही विसरू नका. हा गेम त्या वेळच्या चांगल्या कॉम्प्युटरलाही दमवायचा. त्याच्या सर्वोच्च चित्रदर्जाला सुचवलेली ५१२ मेगाबाइटची ग्राफिक्स कार्डं तेव्हा सामान्य ग्राहकाला मिळतच नव्हती. ज्याचा कॉम्प्युटर कमी ताकदीचा, त्याच्याकडे चित्र अडखळायचं, आणि अंधारात अडखळत बंदूक बदलताना येणारा राग हा भीतीपेक्षा वेगळा असतो. ज्याने पडद्याचा उजळपणा वाढवून ठेवला, त्याच्याकडे शाईची राख झाली. तो म्हणणार, यात घाबरण्यासारखं काय आहे? ज्याने रात्री दिवे मालवून, कानाला हेडफोन लावून खेळला, तो वेगळं बोलणार. तिघांच्या मतांवर नाव एकच, पण तिघांनी पाहिलेली वस्तू एक नव्हे. कांट म्हणतो की सौंदर्याबद्दलचं विधान करताना आपण सर्वांच्या संमतीची अपेक्षा धरतो. खरं आहे, पण निदान सगळ्यांच्या मॉनिटरचं बटण एकाच जागी हवं की नको?

अंधारावर मात करायच्या युक्त्याही खेळणाऱ्यांनी गेमच्या आतच शोधल्या. प्लाझ्मा बंदुकीचा निळा गोळा जाता जाता भिंती उजळत जातो. तेव्हा टॉर्च काढण्यापेक्षा एक गोळा बोळात सोडायचा आणि त्याच्या उजेडात काय दिसतं ते बघायचं. गोळी खर्च करून उजेड विकत घेणं. मला हे त्या ‘डक्ट टेप’पेक्षा हुशारीचं वाटतं, कारण इथे नियम मोडलेला नाही, नियमाशी घासाघीस केलेली आहे.

पुढे काय झालं ते पटकन सांगतो. ऑक्टोबर २००५ मध्ये त्याच तंत्रावर रेव्हन सॉफ्टवेअरने केलेला ‘क्वेक ४’ आला. त्यात पिस्तुलासारख्या बंदुकीला आणि मशिनगनला टॉर्च लावलेली होती. त्याच महिन्यात मोनोलिथचा ‘फिअर’ आला. तोही भीतीचाच गेम, पण टॉर्च आणि बंदूक एकदम, आणि तरीही लोक घाबरले. २०१० मध्ये स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सने ‘अ‍ॅम्नेशिया’ काढला, त्यात बंदूकच नाही. हातात फक्त कंदील, त्यात मोजकं तेल. म्हणजे ‘डूम ३’ च्या निवडीतला एक पर्याय त्यांनी कायमचा काढून टाकला. ज्या लोकांनी २००४ मध्ये बंदूक खाली ठेवावी लागते म्हणून आरडाओरडा केला, त्यांच्यातलेच काही आता अजिबात बंदूक नसलेल्या गेमचं कौतुक करत होते. यात मला विसंगती दिसत नाही. बंदूक नाही असं आधीच सांगितलं की ती मागण्याचा प्रश्न राहत नाही. हातात देऊन खाली ठेवायला लावली की माणूस भांडतो.

आणि मग ऑक्टोबर २०१२. इड सॉफ्टवेअरने ‘डूम ३’ नव्या रूपात पुन्हा काढला, ‘बीएफजी एडिशन’ या नावाने. त्यात टॉर्च सैनिकाच्या चिलखतावर बसवली, हात मोकळे केले, एकूण उजेडही वाढवला. आठ वर्षांनी चिकटपट्टीवाले जिंकले. फक्त एक अट घातली : टॉर्चची बॅटरी थोडा वेळच टिकते, मग बंद करून भरू द्यावी लागते. गंमत बघा, मूळ गेममध्ये टॉर्च कधीच विझत नव्हती. एक अडचण काढली आणि तिच्या जागी दुसरी, सौम्य अडचण ठेवली.

आणि मतं? ती उलटली. सगळ्यांची नाही, पण ऐकू येईल इतकी. जुन्या खेळणाऱ्यांतले कित्येक म्हणू लागले की आता यात ती मजा नाही, मूळचाच बरा होता. ‘लोकांना काही दिलं तरी ते रडतातच’ असं म्हणून हे उडवून लावता येईल. पण मघाचा मुद्दा धरला तर हे अगदी अपेक्षित आहे. टॉर्च बदलली; कोनाडे तिथेच राहिले. वस्तू उचलली की फळी सरकतेच आहे. जे चांगलं होतं ते दुरुस्त झालं आणि जे दुखत होतं ते तसंच राहिलं. आता दुखण्याला टॉर्चचं नाव देता येईना, म्हणून लोक नुसतं ‘मजा नाही’ म्हणू लागले.

२०१६ च्या मे महिन्यात आलेल्या नव्या ‘डूम’ने हा प्रश्न सोडवायचाच नाही असं ठरवलं. त्यात अंधार नाही, लपणं नाही. राक्षसांनी आपल्याला घाबरायचं. चांगला गेम आहे असं जाणकार सांगतात. आपल्या विषयात तो बसत नाही.

आपल्या विषयात बसतं ते दुसरंच एक प्रकरण, आणि ते कमी लोकांना माहीत आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये इड सॉफ्टवेअरने ‘डूम ३’ चा मूळ प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. त्याच्याही आधीपासून काही हौशी मंडळी त्या गेमच्या तंत्रावर स्वतःचा एक खेळ उभारत होती, ‘द डार्क मॉड’ नावाचा. प्रोग्रॅम खुला झाल्यावर २०१३ मध्ये तो स्वतंत्र झाला आणि आज कुणीही फुकट घेऊन खेळू शकतो. त्यात आपण चोर आहोत. रात्रीचं शहर, पहारेकरी, मशाली. तीच सावलीची पद्धत, तीच सुरीने कापलेली कड, तीच शाई. पण इथे ती शाई आपल्याला हवी असते. मशालीच्या उजेडात पाय पडला की धोका, आणि अंधारात शिरलं की जीव भांड्यात. पाण्याचा बाण मारून मशाल विझवायची आणि मग कोपऱ्यात निवांत उभं राहून पहारेकरी जाईपर्यंत वाट बघायची. मेस्क्वीटमध्ये माणसाला घाबरवण्यासाठी तयार केलेला अंधार. त्यात लोक आता तासन् तास सुखाने बसलेले असतात, आणि तिथे कुणी टॉर्च मागत नाही.